मठाच्या बागेतील वाटाणा

दहावीच्या विज्ञानातील उत्क्रांतीच्या धड्याने मुलांची श्रद्धा ढळेल, अशी धास्ती घेणाऱ्या बार्शीतील पालकांना आम्ही फादर ग्रेगर मेंडेल यांचे स्मरण करून देऊ इच्छितो. १८२२ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले मेंडेल १८४३ मध्ये ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले व १८४७ मध्ये धर्मगुरू झाले. शिक्षकाची परीक्षा मात्र त्यांना कधीच उत्तीर्ण होता आली नाही! मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढवून तपासली. डार्विनचा ग्रंथही त्यांनी खुणा करीत वाचला. गुण पुढील पिढीत कसे उतरतात, हे डार्विनला उलगडले नव्हते. मेंडेल यांनी ते १८६५ मध्ये मांडले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ मध्ये ते मठाधिपती म्हणूनच निवर्तले. १९०० मध्ये त्यांचे नियम पुन्हा गवसले आणि पुढे उत्क्रांतिवाद त्यांच्याच आधारे उभा राहिला.