महाराजा सूरजमल
महाराजा सूरजमल (१७०७ - २५ डिसेंबर १७६३) हे भरतपूरचे जाट राजे होते. १७६० मध्ये अहमदशाह अब्दालीविरुद्धच्या मोहिमेत ते मराठ्यांचे मित्र म्हणून सदाशिवरावभाऊंसोबत दिल्लीपर्यंत गेले. बायकामुले व जड तोफा मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा त्यांचा सल्ला भाऊंनी मानला नाही. दिल्लीची वजिरी कोणाला द्यावी, यावरूनही मतभेद झाले. तेव्हा सूरजमल आपल्या फौजेसह बल्लभगडास परतले. मराठ्यांनी उत्तरेतील मोठा मित्र आणि रसदीचा आधार गमावला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पराभव झाल्यानंतर मात्र आपल्या राज्यात आलेल्या हजारो मराठा निर्वासितांना सूरजमल व राणी किशोरी यांनी अन्नवस्त्र व आश्रय दिला. त्यांची माघार वैरापेक्षा युद्धनीती व राजकारणातील मतभेदांतून झाली होती, हे यावरून दिसते.