साज शिवणाऱ्याचा पुत्र: तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट

जर्मन लोकांत जे थोर तत्त्वज्ञ होऊन गेले, त्यांत इमॅन्युएल कांट यांचें नांव अग्रभागीं आहे. प्रशिया देशांतील कोनिग्सबर्ग नगरांत ता. २२ एप्रिल १७२४ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील चामड्याचा, घोड्यांचा साज शिवून निर्वाह करीत. आईबाप गरीब, परंतु देवभीरु होते. पायटिस्ट नांवाच्या भक्तिशील ख्रिस्ती लोकांपैकीं ते होते. आई मुलाला गांवाबाहेर नेऊन झाडेंझुडपें व आकाशांतील तारे दाखवी आणि उत्पन्नकर्त्याचें सामर्थ्य समजावून सांगे.

एकदां साज करणारे व खोगीर करणारे यांच्यांत धंद्याच्या हक्कावरून तंटा लागला आणि त्यांत वडिलांचें बरेंच नुकसान झालें. तरी घरांत प्रतिपक्षाविषयीं द्वेषाचें भाषण कधीं निघालें नाहीं. ही गोष्ट मुलाच्या मनावर अशी ठसली कीं मोठेपणींही ते तिचें स्मरण करीत.

शुल्ट्स नांवाच्या पाळकांच्या साह्यानें त्यांना चांगल्या शाळेंत प्रवेश मिळाला. १७३७ सालीं आई व १७४६ सालीं वडील वारले. मग कांहीं वर्षें त्यांनीं खेड्यांतील कुटुंबांत राहून मुलांना शिकविलें. १७५५ सालीं ते विश्वविद्यालयांत शिकवूं लागले. पण पगार नव्हता. विद्यार्थी जी फी देत, तीवरच मुख्यतः गुजराण होई. अशीं पंधरा वर्षें गेलीं. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, गणित व भूगोल हे विषय ते शिकवीत. हर्डर नांवाच्या एका गरीब विद्यार्थ्याकडून त्यांनीं फी घेतली नाहीं. हाच हर्डर पुढें नामांकित पाळक व ग्रंथकार झाला. १७६४ सालीं काव्याच्या अध्यापकाची जागा चालून आली, परंतु तो आपला विषय नव्हे म्हणून ती त्यांनीं पत्करली नाहीं. शेवटीं १७७० सालीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, तर्कशास्त्र व अध्यात्मशास्त्र यांचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

१७८१ सालीं त्यांचा मुख्य ग्रंथ निघाला. मनुष्याच्या बुद्धीची धांव कोठपर्यंत, हा त्याचा विषय. देव आहे हें निव्वळ तर्कानें सिद्ध करतां येत नाहीं, तसेंच तो नाहीं हेंही सिद्ध करतां येत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. पुढील ग्रंथांत त्यांनीं कर्तव्याचा विचार केला. आपण जें करतों तें सर्वांनीं केलें तर चालेल काय, ही त्यांची कसोटी. फेडण्याची इच्छा नसतांना वचन देऊन कर्ज काढणारा मनुष्य घ्या. सर्वच तसें करूं लागले तर कोणाच्याही वचनावर विश्वास राहणार नाहीं. तसेंच कोणाही मनुष्याला, तो कितीही हलका मानला जावो, केवळ आपल्या कामाचें हत्यार समजूं नये, असें त्यांचें शिक्षण होतें.

मोठेपणीं ते उपासनेस फारसे जात नसत, हेंही सांगितलें पाहिजे. १७९३ सालच्या त्यांच्या धर्मविषयक ग्रंथामुळें राजाची इतराजी झाली, आणि १७९४ सालीं त्यांना ताकीद मिळाली. त्यांनीं आपलें मत मागें घेतलें नाहीं, पण त्या राजाच्या आज्ञेंत असेपर्यंत धर्माविषयीं जाहीरपणें न बोलण्याचें वचन दिलें. १७९७ सालीं राजा मरण पावल्यावरच ते पुन्हा त्या विषयावर लिहूं लागले.

त्यांनीं लग्न केलें नाहीं. पहांटे पांचला उठावें, सकाळीं शिकवावें, दुपारीं मित्रांसह जेवावें व मग फिरावयास जावें, हा त्यांचा नेम असे. बहिणी गरिबींत होत्या. त्यांना व त्यांच्या मुलाबाळांना ते पैशाची मदत करीत.

ता. १२ फेब्रुवारी १८०४ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यापूर्वीं थोडेच दिवस वैद्य भेटीस आले, तेव्हां शरीर थरथर कांपत असतांही पाहुणा बसेपर्यंत ते खालीं बसले नाहींत.

वाचकहो, ज्यांच्या घरीं धन नाहीं व पुस्तकें नाहींत, त्यांनीं मुलांना काय द्यावें? नुकसान सोसूनही ज्या घरांत द्वेषाचें भाषण होत नाहीं, त्या घरानें मुलांना थोडें दिलें असें कोण म्हणेल?