बंद खिडक्यांचा अहवाल

वसाहतवादी राजवटींच्या वतीने अज्ञानाची सबब पुष्कळदा पुढे केली जाते. काय चालले आहे हे त्या काळी कुणाला ठाऊकच नव्हते, असे सांगितले जाते. कॅनडात मूलनिवासींच्या मुलांसाठी चालविलेल्या निवासी शाळांबाबत ही सबब टिकत नाही, आणि ती टिकू न देण्याचे श्रेय डॉ. पीटर ब्राइस या सरकारी नोकराचे आहे.

१८५३ साली ऑन्टॅरिओ प्रांतात जन्मलेले ब्राइस हे काही बंडखोर नव्हते. १८८२ मध्ये ते प्रांतिक आरोग्य मंडळाचे पहिले सचिव झाले. १८८४ चा तेथील आरोग्य कायदा घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९०४ मध्ये केंद्र सरकारने त्यांना इंडियन खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी नेमले. मूलनिवासींना तेव्हा सरकारदरबारी इंडियन म्हणत.

१९०७ साली त्यांनी पश्चिमेकडील ३५ शाळा पाहिल्या. पैसा सरकारचा, कारभार चर्चसंस्थांचा आणि अनुदान दरडोई. या दरडोई शब्दातच सारे आले. पट भरला तर पैसा, म्हणून आजारी मूलही दाखल करून घ्यायचे. आणि कोळसा वाचावा म्हणून हिवाळाभर शयनगृहांच्या खिडक्या बंद ठेवायच्या. क्षयाला याहून सोयीची व्यवस्था कोणती? ब्राइस यांनी शाळांकडे प्रश्नावली धाडली. १५ शाळांनी उत्तरे दिली. त्यांतील १,५३७ विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ २५ टक्के मरण पावले होते. ज्या एका शाळेची नोंद चोख होती, तेथील माजी विद्यार्थ्यांत हे प्रमाण ६९ टक्के निघाले.

वर्तमानपत्रांत थोडी खळबळ झाली. १९०९ मध्ये ब्राइस यांनी आल्बर्टातील २४३ मुले तपासली, तेव्हा क्षय सर्व वयांत आढळला. या शाळा सरकारने ताब्यात घेऊन आरोग्यधामांच्या धर्तीवर चालवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. चर्चसंस्थांना हे मानवणारे नव्हते आणि खात्याला खर्च नको होता. नवे करार झाले, अनुदान वाढले, इमारतींविषयी काही अटीही आल्या. मूळ योजना मात्र बाजूला पडली. पुढे डंकन कॅम्बेल स्कॉट हे खात्याचे प्रमुख झाले (कॅनडाच्या वाङ्मयात ते नामवंत कवी म्हणून ओळखले जातात!) आणि ब्राइस यांच्या वार्षिक अहवालांची गरज नसल्याचे त्यांना कळविण्यात आले. रोग हटवणे महाग पडते. आकडे थांबवायला काहीच लागत नाही.

ब्राइस यांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या या शाळा मुळात हव्यात कशाला, हा प्रश्न त्यांनी उभा केला नाही. त्यांचे भांडण हवा, उजेड आणि औषधपाणी यांसाठी होते.

१९२० मध्ये मूलनिवासी मुलांना या शाळांत सक्तीने धाडण्याचा अधिकार खात्याला मिळाला. पुढच्याच वर्षी ब्राइस यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध निवृत्त केले गेले, आणि १९२२ मध्ये त्यांनी स्वतः पुस्तिका काढून या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा ठरविले. एकट्या ओटावा शहराची लोकसंख्या देशातील साऱ्या मूलनिवासींएवढी. तरी क्षयावर ते शहर करी त्याच्या एक तृतीयांशही पैसा खात्याने तीनशेहून अधिक जमातींसाठी ठेवला नव्हता, हे त्यांनी हिशेबानिशी मांडले. त्यानेही काही हलले नाही.

जानेवारी १९३२ मध्ये समुद्रप्रवासात ब्राइस वारले. यांतील शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. ओटावाच्या बीचवूड दफनभूमीत ब्राइस यांची कबर आहे. स्कॉट यांचीही तेथेच आहे.