विल्यम हेन्री साईक्स

विल्यम हेन्री साईक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, सांख्यिकीकार व निसर्ग अभ्यासक होते. दख्खनच्या नद्यांतील माशांचे पहिले पद्धतशीर वर्णन त्यांनी केले. त्यांनी वर्णिलेल्या अनेक माशांची शास्त्रीय नावे स्थानिक मराठी नावांवरून घेतलेली आहेत.

जीवन
साईक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. कोवळ्या वयातच ते कंपनीच्या लष्करी सेवेत दाखल झाले आणि १८०५ मधील भरतपूरच्या वेढ्यात सहभागी होते. १८१७ साली खडकी व येरवडा येथे पेशव्यांच्या सैन्याशी झालेल्या लढायांत त्यांनी देशी पलटणीचे नेतृत्व केले. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून नेमणूक केली. १८२९ अखेर हे पद रद्द झाले. तरीही साईक्स यांनी रजा घेऊन हाती घेतलेले काम १८३१ च्या प्रारंभी पूर्ण केले आणि मगच ते युरोपास गेले. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले.

दख्खनचे सर्वेक्षण
पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड हे चार जिल्हे त्यांच्या सर्वेक्षणाचे क्षेत्र होते. लोकसंख्या, जमीनधारा, पिके, हवामान यांच्या नोंदी घेत असतानाच त्यांनी प्राणी, पक्षी व मासे यांचाही संग्रह केला. त्यांची पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी वर्णन केलेल्या एका रातव्याच्या शास्त्रीय नावात 'महरात्तेन्सिस' हा शब्द आहे. वऱ्हाड त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने वर्धा व पूर्णा या नद्या मात्र त्यांच्या अभ्यासाबाहेर राहिल्या.

माशांवरील कार्य
दख्खनच्या माशांवरील त्यांची वर्णने १८३९ पासून प्रसिद्ध होऊ लागली व सचित्र प्रबंध १८४१ मध्ये छापला गेला. खुद्री, कोलुस, बोगट, फुलुंगी, नुक्ता, पोटैल ही त्यांनी दिलेली जातिनामे होत. नुक्ता या नावात मराठी वाचकास 'नकटा' हा शब्द सहज ऐकू येतो. या माशाच्या मुस्कटावर खोल खाच असते. प्राणिनामकरणात अग्रक्रमाचा नियम असल्याने ही नावे आजही जगभर वापरात आहेत. ज्या भोई-कोळ्यांच्या तोंडी ती होती, त्यांची स्वतःची नावे मात्र इतिहासात राहिली नाहीत.

यांपैकी खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. याचे वर्णन पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून झाले. हा मासा वेगवान प्रवाहात राहतो आणि गळाला लागल्यावर जोरदार झुंज देतो. त्यामुळे, अमेरिकेतील कोमट पाण्याच्या नद्यांत स्मॉलमाउथ बास या माशाला जे स्थान आहे, ते भारतात महसीराला मिळाले. पिसे व दोरा यांची कृत्रिम माशी किंवा धातूचा चमचा गळाला लावून तो पकडण्याची पद्धत ब्रिटिश अधिकाऱ्यांत रूढ झाली. हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या १८७३ च्या 'द रॉड इन इंडिया' या ग्रंथात तिचे विवेचन आहे. पुढे धरणे, प्रदूषण व अतिमासेमारी यांमुळे महसीर घटला. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ टाटा कंपनीच्या केंद्रात त्याची पैदास करून बोटुकली जलाशयांत सोडण्यात आली.

उत्तरायुष्य
साईक्स १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक, १८५६ मध्ये अध्यक्ष आणि १८५७ पासून मृत्यूपर्यंत ॲबर्डीनचे संसद सदस्य होते.

महत्त्व
नदीत पूर्वी कोणते मासे होते, हे ठरविण्यासाठी जुनी नोंद हाच आधार असतो. भीमा व मुळा-मुठेला साईक्स यांच्यामुळे तो लाभला. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण होण्यापूर्वीच्या वर्धा नदीसाठी त्यांची अशी नोंद नाही. म्हणून तेथील वृद्ध मच्छीमारांच्या स्मरणातील माशांची नावे टिपून ठेवणे अगत्याचे ठरते.