विश्लेषण : तलाव बुजवू नका, असे शंभर वर्षांपूर्वी सांगणारे पॅट्रिक गेडीस कोण होते?

पावसाळ्यात उपनगरी शहरे तुंबली, की बुजवलेल्या तलावांची आणि नाल्यांची चर्चा सुरू होते. हा धोका शंभर वर्षांपूर्वी ओळखणाऱ्यांत एक नाव होते सर पॅट्रिक गेडीस यांचे. १९१५ मध्ये त्यांनी ठाण्यासह मुंबई इलाख्यातील काही शहरांची पाहणी केली होती.

वनस्पतिशास्त्रज्ञ नगररचनेकडे कसे वळले?

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. ते लंडनमध्ये टी. एच. हक्सली यांच्याकडे जीवशास्त्र शिकले, मात्र पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे सूक्ष्मदर्शकावरचे काम अवघड झाले आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्त्यांकडे वळले.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दाम्पत्य एडिनबराच्या जुन्या, दाट आणि गलिच्छ वस्तीत राहायला गेले. तिथे त्यांनी शेजाऱ्यांना सोबत घेऊन घरांची साफसफाई, रंगरंगोटी केली आणि मोकळ्या कोपऱ्यांत बागा फुलवल्या. १८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

भारतात आगमन कसे झाले?

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे शहरांविषयीचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवले. गेडीस यांनी नव्याने नकाशे, चित्रे जमवली आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरवले. पुढच्या दशकभरात त्यांनी देशातील अनेक शहरांचे अहवाल लिहिले.

त्यांची पद्धत काय होती?

आधी निदान, मग उपचार. शहर हा सजीव आहे, असे ते मानत. म्हणून गल्लीबोळ पायी फिरायचे, लोक कसे राहतात ते पाहायचे आणि अगदी आवश्यक तेवढेच पाडायचे. रुंद रस्त्यासाठी अख्खी वस्ती उठवण्याला त्यांचा विरोध होता. त्यामुळे खर्च वाचतो आणि गरीब बेघर होत नाहीत, हे ते अधिकाऱ्यांना पटवून देत.

तलावांबद्दल त्यांचे म्हणणे काय होते?

नळाचे पाणी आले की तलाव आणि विहिरी बुजवायच्या, हिवतापाचे कारण पुढे करायचे, असा तेव्हा अधिकाऱ्यांचा कल होता. गेडीस यांचा सल्ला वेगळा होता. तलाव स्वच्छ ठेवा, डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि बदके त्यात सोडा. कोणतीही नळयोजना कधी ना कधी बिघडते, तेव्हा जुने साठेच कामी येतात. शिवाय तलावांमुळे हवेत गारवा राहतो.

इंदूरमध्ये काय घडले?

इंदूरमध्ये प्लेगची दहशत होती. गेडीस यांनी महाराजांकडून एका दिवसाचे अधिकार मागून घेतले आणि दिवाळीत मिरवणूक काढली. जिथे घरे आणि रस्ते सर्वाधिक स्वच्छ, तिथूनच ती जाणार, असे जाहीर झाले. गल्ल्यागल्ल्यांत झाडझूड सुरू झाली. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता, तर सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या पोशाखात मानाने चालत होते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा दोन खंडांतील अहवाल प्रसिद्ध झाला.

याच काळात त्यांच्यावर मोठा आघात झाला. १९१७ मध्ये मुलगा ॲलिस्टर पहिल्या महायुद्धात मारला गेला. आजारी पत्नीपासून त्यांनी ही बातमी लपवून ठेवली. काही आठवड्यांतच भारतातच तिचेही निधन झाले. तरीही त्यांनी काम थांबवले नाही.

पुढे काय झाले?

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या नव्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२४ मध्ये गेडीस यांनी भारत सोडला. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा तयार केला. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

भारतातील त्यांच्या अनेक शिफारशी कागदावरच राहिल्या. ठाण्याला आजही तलावांचे शहर म्हणतात. हे नाव टिकवायचे, तर आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी पाणी कुठे मुरते आणि कुठे साठते, हे पाहावे लागेल. गेडीस यांच्या पाहणीची सुरुवात अशीच होत असे.