स्वतः डॉक्टर नव्हता, पण हृदयाच्या टेस्टला आज त्याचंच नाव आहे

चक्कर येते, छातीत धडधडतं, पण ईसीजी काढला की नॉर्मल. अशा वेळी छत्रपती संभाजीनगर असो की मुंबई, हृदयरोगतज्ज्ञ बऱ्याचदा एक टेस्ट सांगतात. होल्टर. छातीला इलेक्ट्रोड चिकटवायचे, सोबत छोटी डबी लावायची आणि २४ तास नेहमीची कामं करायची.

हे नाव आलं नॉर्मन होल्टरवरून. आणि हा माणूस डॉक्टर नव्हताच.

१९१४ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हेलेना इथं त्याचा जन्म झाला. शिक्षण केमिस्ट्री आणि फिजिक्सचं. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलासाठी समुद्राच्या लाटांचा अभ्यास करायचा. १९४६ च्या बिकिनी अणुचाचणीतही त्याच्याकडे लाटा मोजण्याचं काम होतं. नंतर गावी परतून तो हृदयाच्या सिग्नलमागे लागला.

त्याचा प्रश्न साधा होता. माणूस दिवसभर चालतो, जिने चढतो, चिडतो. मग हृदय फक्त पलंगावर झोपवूनच का तपासायचं?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने रेडिओवरून ईसीजी पाठवणारं यंत्र बनवलं. वजन सुमारे ३८ किलो! ते पाठीवर बांधून तो स्वतः व्यायामाच्या सायकलवर बसला. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्र लहान झालं, टेपवर रेकॉर्डिंग होऊ लागलं. १९६१ मध्ये त्याचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये छापून आला.

पण माणूस हलला की नवी डोकेदुखी सुरू होते. हृदयाचा सिग्नल असतो जेमतेम १ मिलिव्होल्टच्या आसपास. स्नायू हलले, घामाने इलेक्ट्रोड सैल झाला की रेघ थरथरते. घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुणही त्यात मिसळते. दात घासतानाची थरथर तर कधीकधी धोकादायक ठोक्यांसारखी दिसते. ती ओळखली नाही, तर धडधाकट माणसाला नको ते उपचार.

होल्टरच्या पद्धतीत टेप ६० पट वेगाने चालवून ठोके स्क्रीनवर एकावर एक दाखवले जायचे. वेगळा ठोका लगेच नजरेत भरायचा.

होल्टर १९८३ मध्ये गेला. आज फिल्टर श्वासाचा हेलकावा आणि ५० हर्ट्झची गुणगुण बरीच कमी करतात. पण स्नायूंची थरथर ठोक्याच्या सिग्नलमध्येच मिसळलेली असते. जास्त गाळलं तर खरी खूणही पुसली जाते.

म्हणूनच डबीसोबत वही देतात. कधी काय केलं, कधी धडधडलं, हे वेळेसकट लिहा. थरथर दात घासल्याची की हृदयाची, हे ठरवताना डॉक्टरांना तीच वही कामी येते.