बहिऱ्यांचा मास्तर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या कानांच्या तपासणीचा कागद माझ्या हाती पडला. दोन कानांच्या दोन रेघा उताराला लागलेल्या होत्या आणि कडेला डेसिबल असा शब्द छापलेला होता. शास्त्र शाखेतल्या एका मैत्रिणीने सांगितले, की डेसिबल म्हणजे एका बेलचा दहावा भाग, आणि हे नाव टेलिफोनच्या बेलवरून पडलेले आहे. मला मोठी गंमत वाटली. ज्या माणसाच्या नावाने माझ्या आजीचा बहिरेपणा मोजला जात होता, त्याच माणसाच्या यंत्राने तिला सर्वांत जास्त छळले होते.

आजीचे यंत्र कानामागे बसते. समोरासमोर बोलताना ते बरे चालते. पण मोबाईल कानाला लावला, की ते शिटी घालू लागते, नाहीतर बोलण्याच्या मागे सारखी गुरगुर ऐकू येते. नागपूरहून आत्याचा फोन आला, की आजी दोन वाक्ये ऐकायची, कसनुशी हसायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. पुढे पुढे फोन वाजला तरी ती जागची उठेनाशी झाली. आजीला आता ऐकूच येत नाही, अशी आम्ही घरच्यांनी आमची समजूत करून घेतली. ती समजूत सोयीची होती, हे आज कबूल करते. हा बेल होता तरी कोण, या कुतूहलाने मी त्याच्याविषयी वाचू लागले आणि वाचता वाचता चकित झाले. टेलिफोनचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो स्वतःला आयुष्यभर बहिऱ्यांचा शिक्षक म्हणवून घेत होता.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. आवाज हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. आजोबा शुद्ध उच्चार शिकवीत. वडील मेलव्हिल बेल यांनी एक नवी लिपी तयार केली होती. तिच्यातले प्रत्येक अक्षर पाहिले, की जीभ, ओठ आणि घसा कसा ठेवायचा ते कळे. अक्षर वाचावे आणि ध्वनी काढावा, मग तो आधी कधी कानावर पडला नसला तरी चालेल, अशी ही किमया होती. आणि अशा घरात आईला मात्र जवळजवळ ऐकू येत नव्हते. ती पियानो उत्तम वाजवी. इतर माणसे तिच्या श्रवणनळीत मोठ्याने बोलत. लहानगा बेल तसे करीत नसे. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोले आणि ते तिला समजे. दिवाणखान्यात चार माणसे गप्पा मारीत असली, की तो तिच्या शेजारी बसून बोटांच्या लिपीने सारे संभाषण तिला कळवी. आपल्या आईला गप्पांतून कोणी वगळू नये, ही त्या मुलाची धडपड मला त्याच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठी वाटते.

पुढे घरावर क्षयरोगाची धाड आली. १८६७ मध्ये धाकटा भाऊ गेला, १८७० मध्ये थोरला. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी देश सोडला आणि कॅनडातील ब्रँटफर्ड येथे बिऱ्हाड केले. १८७१ मध्ये बेल अमेरिकेत बोस्टनला मूकबधिर मुलांच्या शाळेत वडिलांची लिपी शिकवू लागला. १८७३ मध्ये तो बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला, तरी खाजगी विद्यार्थी त्याने सोडले नाहीत. त्यांत जॉर्जी सँडर्स हा लहान मुलगा होता आणि मेबल हबर्ड ही तरुण मुलगी. वयाच्या पाचव्या वर्षी लोहितज्वराने तिची श्रवणशक्ती गेली होती. ती ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखी. बेलच्या प्रयोगांना पैसा पुरवणारे दोघेजण म्हणजे जॉर्जीचे वडील आणि मेबलचे वडील. म्हणजे टेलिफोनचे भांडवलसुद्धा दोन बहिऱ्या मुलांच्या घरांतून आले.

दिवसा शिकवणी आणि रात्री प्रयोग, असा त्याचा क्रम होता. एकाच तारेवरून अनेक तारसंदेश एकदम पाठवता येतील काय, या खटपटीत तो होता. पण १८७४ च्या उन्हाळ्यात त्याने केलेला एक प्रयोग वेगळाच होता. बहिऱ्या मुलाला आपला उच्चार कानाने कळत नाही, तर निदान डोळ्यांनी दिसावा, म्हणून ध्वनीची रेघ काढणारे यंत्र त्याला हवे होते. एका कानाच्या डॉक्टराने त्याला मृत माणसाचा खराखुरा कान मिळवून दिला. त्याच्या हाडाला गवताची काडी जोडून बेल त्या कानात बोले आणि काजळी धरलेल्या काचेवर काडी नागमोडी रेघ ओढी. हे पाहताना त्याला सुचले, की कागदासारखा पातळ पडदा जर कानातली जड हाडे हलवतो, तर तसाच पडदा लोखंडाचा तुकडाही हलवील, आणि मग आवाजाच्या चढउताराप्रमाणे विजेचा प्रवाह कमीजास्त करता येईल. टेलिफोनचे बीज हेच. ते बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका अडचणीतून निघाले.

पुढची हकिगत पुष्कळांना ठाऊक आहे. २ जून १८७५ रोजी वॉटसन या त्याच्या मदतनिसाने अडकलेली एक पट्टी छेडली आणि तिचा सूर तारेच्या दुसऱ्या टोकाला बेलला ऐकू आला. ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळाले आणि १० मार्चला शेजारच्या खोलीत बसलेल्या वॉटसनने आपल्या धन्याची हाक यंत्रातून स्पष्ट ऐकली. इलायशा ग्रे या संशोधकाचा अर्जही बेलच्याच दिवशी दाखल झाला होता. त्यामुळे श्रेय कोणाचे, हा वाद आणि त्याबरोबर शेकडो खटले सुरू झाले. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेलचा हक्क कायम केला.

११ जुलै १८७७ रोजी बेलने मेबलशी लग्न केले. कंपनी दोनच दिवसांपूर्वी निघाली होती. त्यातले दहा सोडून आपले सर्व भाग त्याने नव्या नवरीला भेट दिले. टेलिफोनच्या नफ्याची मोठी वाटेकरीण अशी एक बहिरी स्त्री झाली; पण त्या यंत्रातून तिला नवऱ्याचा आवाज एकदाही ऐकू येणार नव्हता. जगभर तारा पसरल्या, दुकाने आणि कचेऱ्या त्यांच्यावर चालू लागल्या, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी एक नवे दार कायमचे बंद झाले.

बेल स्वतः मात्र त्या माणसांना विसरला नाही. १८७९ मध्ये त्याने श्रवणशक्ती मोजणारे यंत्र बनवले. १८८० मध्ये फ्रान्सने त्याला व्होल्टा पारितोषिक म्हणून ५०,००० फ्रँक दिले. त्यातून त्याने प्रयोगशाळा काढली, आणि पुढे तिच्या कमाईतून बहिरेपणाविषयी माहिती गोळा करणारी संस्था उभी केली. अलाबामाहून एक गृहस्थ आपल्या आंधळ्या आणि बहिऱ्या मुलीला घेऊन त्याच्याकडे आले, तेव्हा त्यानेच त्यांना बोस्टनच्या पर्किन्स संस्थेची वाट दाखवली. तेथून अ‍ॅन सुलिव्हन ही शिक्षिका १८८७ मध्ये त्या घरी गेली. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. १९०३ मध्ये तिने आपले आत्मचरित्र बेललाच अर्पण केले.

इथे थांबले असते, तर हा लेख एका थोर पुरुषाची आरती होऊन संपला असता. पण पुढची पाने वाचून माझे मन खट्टू झाले. बहिऱ्या माणसाने बोललेच पाहिजे, ओठ वाचलेच पाहिजेत आणि खुणांची भाषा शाळेतून हद्दपार झाली पाहिजे, असा बेलचा आग्रह होता. १८८३ मध्ये त्याने एका विद्वत्सभेपुढे निबंध वाचला. बहिरी माणसे आपसांत लग्ने करतात, यातून बहिऱ्या माणसांची वेगळी जातच तयार होईल, अशी भीती त्याने त्यात घातली. निवासी शाळा मोडाव्यात आणि तेथे बहिरे शिक्षक नेमू नयेत, असे त्याचे उपाय होते. १९२१ मध्ये तर तो सुप्रजननवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा सन्माननीय अध्यक्ष होता. खुणांच्या भाषेची बाजू घेऊन त्याच्याशी झुंजणारे एडवर्ड गॅलॉडेट हेही बहिऱ्या आईचेच पुत्र होते. दोघांचेही आपल्या आईवर प्रेम होते, पण एकाला आईची भाषा जपावीशी वाटली आणि दुसऱ्याला ती मोडावीशी वाटली.

त्याचे परिणाम पिढ्यान् पिढ्यांनी भोगले. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने तोंडी पद्धतीचाच पुरस्कार केला होता. बेलच्या वजनाने त्या मताला अमेरिकेत बळ आले. पुष्कळ शाळांत मुलांना हात हलवण्याची बंदी झाली. खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, हे विल्यम स्टोकी या अभ्यासकाने १९६० मध्ये दाखवून दिले. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला, तो २०१० मध्ये.

बेल दुष्ट होता काय? मला तसे वाटत नाही. त्याला बहिऱ्यांविषयी कळवळा होता. तो त्यांच्यासाठी रात्रंदिवस झटला. फक्त तुम्हांला काय हवे, हे विचारण्याची गरज त्याला फारशी वाटली नाही. कळवळ्याच्या माणसाकडूनच ही चूक होते, कारण आपण चुकत असू अशी शंका त्याला येत नाही.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे आपल्या घरी त्याने देह ठेवला. चरित्रकार सांगतात, की मेबलने सोडून जाऊ नका असे विनवले, तेव्हा त्याने बोटांनी नाही अशी खूण केली. शब्द उमटेना, तेव्हा शेवटी खूणच उपयोगी पडली. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते. पाच महिन्यांनी मेबलही गेली.

टेलिफोनच्या बंद दाराला पहिली मोठी फट पाडली ती एका बहिऱ्या माणसाने. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बहिऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलेखन यंत्राने मजकूर पाठवून दाखवला. टेलिफोन निघून तोवर ८८ वर्षे झाली होती. दुसरी वाट श्रवणयंत्रांची. बेलच्याच नावाच्या प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर निघाला आणि १९५२-५३ च्या सुमारास तो बाजारात पहिल्यांदा आला, तो श्रवणयंत्रांतून. बेलच्या स्मरणार्थ त्या यंत्रांसाठी पेटंटचे शुल्क माफ केले गेले होते.

आजीच्या शिटीचे कोडेही मला याच वाचनात उलगडले. यंत्राने मोठा केलेला आवाज फोनवर आपटून पुन्हा यंत्राच्याच माइकमध्ये शिरतो, म्हणून शिटी वाजते. गुरगुर येते ती मोबाईलच्या लहरींच्या ठोक्यांमुळे. त्यावर तोड म्हणून पुष्कळ श्रवणयंत्रांत तांब्याच्या तारेचे एक इवलेसे वेटोळे असते. टी ही खूण निवडली, की माइक बंद होतो आणि हे वेटोळे फोनच्या चुंबकीय क्षेत्रातून बोलणे थेट उचलते. बेलच्या पहिल्या यंत्रातही चुंबक आणि वेटोळेच होते. नवे फोन निघाले तसे हे क्षेत्र क्षीण होत गेले, तेव्हा अमेरिकेत १९८८ मध्ये कायदा करून टेलिफोन श्रवणयंत्रांशी जुळते असावेत असे बंधन घालावे लागले. आज पुष्कळ मोबाईलच्या सेटिंगमध्ये, बहुधा सुलभतेच्या नाहीतर कॉलच्या सदरात, हिअरिंग एड असा पर्याय असतो. काही नवी यंत्रे तर ब्लूटूथने फोनशी परस्पर जोडली जातात.

आजीचे यंत्र साधेच आहे. पण त्यात ते वेटोळे होते आणि एक बटणही होते. विकणाऱ्याने ते सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. मी फोनमधला तो पर्याय सुरू केला, आजीने बटण दाबले, आणि फोन कानाच्या भोकावर न धरता जरा वर, यंत्राशेजारी धरला. आत्याचे बोलणे तिला कळले. सगळे नाही, पण नातवाला दात आल्याचे कळले आणि मुलगी थकलेली आहे हेही कळले. त्या दिवशी फोन माझ्या हातात आला नाही.

नंतर मी आजीला विचारले, की आता रोज असाच फोन लावून देऊ का. तिने मान हलवली. रविवारी बोलीन, एरवी लिहून पाठवायला सांग, ऐकताना डोके दुखते, असे तिचे म्हणणे पडले. माझा उत्साह जरा मावळला. मग बेलची आठवण झाली आणि मी आत्याला तसे कळवले.